हिरा घ्यायचाय: रिपोर्टमधलं नक्की काय बघायचं, आणि तो कुठून आलाय हे कसं कळणार?

पालथा घडा:

मंडळी, मदत हवी आहे. बायकोच्या अंगठीतला हिरा पडला. चारपैकी एक प्राँग (खडा धरून ठेवणारा काटा) झिजून सुईसारखी झाली होती हे आता रिकाम्या कोंदणाकडे बघताना दिसतंय, तेव्हा कोण बघतंय. बेसिनखालचा पाइप उघडून झाला, व्हॅक्यूमची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी करून चाळून झाली, नाही मिळाला. तर आता नवीन घ्यायचाय, गोलच, साधारण ६.३ ते ६.४ मिमी, कारण कोंदणात तेवढाच बसतो.

दुकानदाराने दोन सुटे खडे बाजूला काढून ठेवलेत, दोन्हींना जीआयएचा (हिरे तपासून प्रत ठरवणारी अमेरिकन संस्था) रिपोर्ट आहे, मी उतरवून आणलंय:

पहिला – १.०१ कॅरट, कलर जी, क्लॅरिटी व्हीएस२, कट गुड, माप ६.२८-६.३२ × ४.०६, डेप्थ (उंची रुंदीच्या किती टक्के) ६४.४ टक्के, फ्लुरोसन्स (अतिनील उजेडात चमकणं) मीडियम ब्लू.

दुसरा – ०.९६ कॅरट, कलर एच, क्लॅरिटी एसआय१, कट एक्सलंट, माप ६.३४-६.३८ × ३.९०, डेप्थ ६१.३ टक्के, फ्लुरोसन्स नाही. आणि खाली बारीक अक्षरात एक शेरा आहे की क्लॅरिटी ज्या क्लाउड्सवरून ठरवली ते आकृतीत दाखवलेले नाहीत. हे काय प्रकरण आहे?

मला तर बघता क्षणी पहिलाच बरा वाटला, कट सोडला तर सगळीकडे वरचढ आणि वर एक कॅरटच्या पुढे. दुकानदारही तोच गळ्यात मारतोय (की मला तसं वाटतंय).

दुसरा मुद्दा बायकोचा. ती म्हणाली, हरवलेला कुठून आला होता ते आपण विचारलंच नव्हतं, निदान हा तरी कोणाच्या जिवावर उठून आलेला नको. मी दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "सर, सर्टिफाइड आहे, म्हणजे कॉन्फ्लिक्ट-फ्री असणारच." हे खरंय का? रिपोर्ट मी दोनदा वाचला, त्यात देशाचं नाव कुठेच नाही.

तिरकस:

शेवटी कार्बनच तो. लॅबमध्ये बनवलेला घ्या, खाण नाही, कटकट नाही. धागा बंद करा.

भिंगवाली:

तिरकसराव, थांबा जरा, लॅबवर येते नंतर. घडेबुवा, मी बरीच वर्षं हिऱ्यांच्या असॉर्टिंगच्या (प्रतवारी करून वेगळे लावण्याच्या) टेबलावर काढली आहेत म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

आधी वजनाची गंमत बघा. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. तुमच्या दोन खड्यांतला फरक ०.०५ कॅरट, म्हणजे एका ग्रॅमचा शंभरावा भाग. आता मापं परत वाचा. जड खडा वरून ६.३० मिमी आणि हलका ६.३६! जास्त वजनाचा खडा दिसायला लहान. मग ते वजन गेलं कुठे, तर पोटात आणि कडेच्या पट्ट्यात. डेप्थ ६४.४ आहे ना, तिथेच. एकचा आकडा ओलांडला की किंमत उडी मारते, त्यामुळे कच्च्या दगडातून ०.९४ चा सुरेख खडा काढण्यापेक्षा १.०१ चा पोटफुग्या काढणं फायद्याचं पडतं. म्हणजे जे जास्तीचं वजन आहे ते अंगठी घातल्यावर बोटाकडच्या बाजूला, कोणालाच न दिसणारं. त्यात कारागिराची चूक नाही हं, त्याला तसंच सांगितलेलं असतं.

कलरचं सांगायचं तर तपासणीच्या लॅबमध्ये रंग बघताना खडा उपडा ठेवून, बाजूने, ठरलेल्या मास्टर खड्यांच्या शेजारी ठेवून बघतात. डी (बिनरंगी) पासून झेड (पिवळसर) पर्यंत. जी आणि एच मधला फरक अंगठीत बसल्यावर, समोरून, मला स्वतःला दाखवा म्हटलं तर मी कबूल करेन की नाही सांगता येणार. क्लॅरिटी, म्हणजे आतले डाग-ठिपके किती, ती दहापट भिंगातून ठरते, डोळ्यांनी नाही. व्हीएस२ आणि तिच्याखालची एसआय१ दोन्ही बहुतेक वेळा साध्या डोळ्यांना स्वच्छच दिसतात. कट मात्र असा आहे की तो लांबूनही दिसतो. उजेड वरून आत जाऊन परत वर यायला हवा, कोन चुकले की तो खालून गळतो आणि खडा मधोमध काळवंडलेला किंवा मेलेला दिसतो. बाय द वे जीआयए गोल ब्रिलियंटलाच कट ग्रेड देते, तीही २००६ पासून. ओव्हल, पिअर वगैरेंच्या रिपोर्टवर ती शोधत बसू नका.

आता तो शेरा. क्लाउड म्हणजे अगदी बारीक ठिपक्यांचा पुंजका. वरच्या ग्रेडला हा शेरा असेल तर मी लक्षही देत नाही. एसआय१ ला असेल तर थांबते, कारण इथे ग्रेड खाली आणणारी मुख्य गोष्टच तो पुंजका आहे आणि कधीकधी (नेहमी नाही!) अख्खा खडा दुधाळ दिसतो. कागदावरून ते कळत नाही. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली तर काचसुद्धा नाचते, त्यामुळे दोन्ही खडे घेऊन खिडकीशी जा, ऊन नको, नुसता उजेड. शेजारी शेजारी ठेवा. पाण्यात दुधाचा हात लागल्यासारखं वाटलं की सोडून द्या. आणि आधी पुसून घ्या, हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर धरतो. खाणीत पूर्वी ग्रीस फासलेल्या टेबलावरून ओली खडी सोडायचे, खडी वाहून जायची आणि हिरे चिकटून राहायचे, इतकं त्याचं नि ग्रीसचं सख्य.

मीडियम फ्लुरोसन्सला घाबरू नका. बाकी रिपोर्ट नंबर जीआयएच्या साइटवर टाकून बघा आणि खड्याच्या कडेवर तोच नंबर लेझरने कोरलाय का ते भिंगातून वाचा. सगळ्या खड्यांवर असतोच असं नाही.

पालथा घडा:

ताई, दंडवत. ६.३० आणि ६.३६ माझ्याच हाताने लिहिलं होतं आणि दिसलं नाही. नाव सार्थ केलं. पण मग ते कॉन्फ्लिक्ट-फ्री?

नकाशे:

त्यावर मी लिहितो. ग्रेडिंग रिपोर्ट सांगतो खडा कसा आहे. कुठून आला, कोणी खणला, यावर त्यात अवाक्षर नसतं. दुकानदाराने दोन वेगळे कागद एक करून टाकलेत.

तो 'कॉन्फ्लिक्ट-फ्री' शब्द येतो किंबर्ली प्रोसेसमधून. अंगोला, सिएरा लिओन इथल्या बंडखोर टोळ्या हिरे विकून बंदुका घेत होत्या म्हणून २००० साली दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बैठक झाली आणि १ जानेवारी २००३ पासून ही योजना लागू झाली. कच्चे हिरे सरकारी दाखल्याशिवाय आणि सीलबंद डब्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाहीत, असा नियम. चांगलंच काम झालं, नाही असं नाही. पण त्यातली व्याख्या वाचा: कायदेशीर सरकार उलथवायला निघालेल्या बंडखोरांना पैसा पुरवणारे कच्चे हिरे. म्हणजे अत्याचार सरकारच्याच सैन्याने केला तर तो हिरा व्याख्येत बसतच नाही! झिम्बाब्वेतल्या मारांगेमध्ये २००८ ला सैन्याने खाणकाम करणाऱ्यांना मारलं, त्यावर पुष्कळ वाद झाला, २०११ मध्ये तिथल्या निर्यातीला परवानगी मिळाली आणि ही योजना उभी करण्यात पुढाकार असलेली ग्लोबल विटनेस ही स्वयंसेवी संस्था त्याच वर्षी डिसेंबरात बाहेर पडली. रशियाचंही तेच, युद्ध सरकार करतंय त्यामुळे किंबर्लीत ते कॉन्फ्लिक्ट डायमंड नाहीत, म्हणून जी७ आणि युरोपियन युनियनला २०२४ पासून वेगळी बंदी घालावी लागली.

दुसरी मेख अशी की दाखला कच्च्या मालाच्या पार्सलचा असतो, एकेका खड्याचा नाही, आणि पैलू पडले की त्याचं काम संपतं. पुढे बिलावर विक्रेत्याने छापलेलं एक हमीचं वाक्य येतं, वर्ल्ड डायमंड काउन्सिल या व्यापाऱ्यांच्या संघटनेने ठरवून दिलेलं. ते बिलावर मागा जरूर, पण ती साखळीतल्या माणसांनी एकमेकांना दिलेली हमी आहे हे ध्यानात ठेवा.

तिरकस:

मग त्या मशीनवर टाकून बघायचं ना कुठल्या खाणीतला ते. माणिक-पाचूचं सांगतात की.

भिंगवाली:

माणिक-पाचूत आजूबाजूच्या खडकाच्या खुणा आत राहतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. हिरा बनतो साधारण दीडशे-दोनशे किलोमीटर खोल, नुसत्या कार्बनचा. पैलू पाडलेला खडा हातात देऊन देश सांगा म्हटलं तर खात्रीने सांगणारी चाचणी नाही. जीआयएचा एक ओरिजिन रिपोर्ट आहे पण त्यासाठी कच्चा दगड आधीच त्यांच्याकडे नोंदवलेला लागतो, मग पैलू पडल्यावर तोच आहे का ते ताडून बघतात. म्हणजे माग ठेवायचा तर पहिल्या दिवसापासून, मागाहून काढता येत नाही. आणि आमच्या टेबलावर काय व्हायचं सांगू? चार ठिकाणचा माल आकार, रंग, प्रतीप्रमाणे एकत्र करून नवीन पुड्या बांधायच्या. आम्ही चिमट्याने ढकलत जायचो, या ढिगात, त्या ढिगात. संध्याकाळी ढीग सुबक दिसायचे आणि कुठला खडा कुठून आला ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यात आम्हाला काही वावगंही वाटायचं नाही, खरं सांगते.

अजून एक, जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडले जातात, त्यामुळे कागदावर दिसणारा देश हा खाणीचा की कारखान्याचा हे नीट विचारा.

आता लॅबवाला. खोटा नाही, हिराच आहे, एचपीएचटी (प्रचंड दाब नि उष्णता) नाहीतर सीव्हीडी (वायूतून थरावर थर) पद्धतीने बनलेला. खाणीचा प्रश्न सुटतो, पण यंत्रं आठवडेच्या आठवडे चालतात, ती वीज कोळशाची की कशाची हे कोण सांगणार? 'इकोफ्रेंडली' एवढं छापून भागत नाही. शिवाय परत विकायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. नुसतं बोटात घालायचं असेल तर मी नाही म्हणणार नाही. आणि जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या खड्यांना डी-ई-एफ, व्हीव्हीएस वगैरे ग्रेड देणं बंद केलंय, नुसतं प्रीमियम किंवा स्टँडर्ड लिहितात, तेव्हा दोन जातींचे रिपोर्ट एकमेकांशी ताडू नका.

नकाशे:

घडेबुवा, खाणीतलाच हवा असेल तर दुकानात 'कॉन्फ्लिक्ट-फ्री आहे का' विचारूच नका, त्याला हो म्हणणं फुकट आहे. विचारा: कुठला देश, कुठली खाण, आणि हे कुठल्या कागदावर लिहिलंय? कॅनडाच्या एकाटी, डायविकसारख्या खाणींतून निघालेले खडे नंबरासह मागोवा ठेवून विकले जातात, बोट्स्वानाचेही मिळतात. नाहीतर जुन्या दागिन्यातला खडा बघा. त्याचा इतिहास धुऊन निघत नाही, पण निदान तुमच्यासाठी नवीन खणला जात नाही.

पालथा घडा:

अपडेट देतोय. काल दुकानात गेलो. दोन्ही खडे पुसून घेतले आणि खिडकीशी नेले, दुकानदार जरा वैतागला पण आला बरोबर. पहिला खडा मधून थोडा अंधारा, म्हणजे मान तिरकी केली की मध्ये विहिरीत बघितल्यासारखं. आधी स्पॉटलाइटखाली हे अजिबात जाणवलं नव्हतं. दुसऱ्याची मला धास्ती होती पण दुधाळ वगैरे काही वाटला नाही, बायकोलाही नाही, लख्ख. भिंगातून कडेवरचा नंबर शोधायला मला दहा मिनिटं लागली, श्वास धरला की दिसायचा आणि सोडला की हलायचा, पण जुळला एकदाचा.

मग विचारलं, देश कुठला. म्हणाला सर किंबर्लीवाला आहे. म्हटलं ते झालं, देश? त्याने समोरच पुरवठादाराला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून उत्तर आलं, "मिक्स पार्सल आहे, लिहून नाही देता येणार." दुकानदार बिचारा ओशाळला, बिलावर हमीचं वाक्य टाकून देतो म्हणाला. बायकोने खडा परत कागदाच्या पुडीत ठेवला आणि पुडी त्याच्याकडे सरकवली.

आता त्यालाच सांगितलंय की ६.३ ते ६.४, एक्सलंट कट, कलर आय पर्यंत चालेल, पण खाणीचं नाव कागदावर हवं. महिनाभर लागेल म्हणाला. तोवर प्राँग नवीन बसवायला अंगठी टाकली आहे, सहा प्राँग करून घेऊ का चारच ठेवू, यावर कोणाचा अनुभव असेल तर सांगा.