भिंतीवरच्या जुन्या फोटोचं साल कसं काढावं? (मालवण)

माडाखाली: घरातल्या फोटोचं साल ठरवायचंय. १० × १२ इंच, कृष्णधवल, कार्डावर नाही, नुसता जाड कागद. दोन म्हातारे पगडीत, एक तरुण गांधी टोपीत, दोघी नऊवारीत, एकीच्या मांडीवर तान्हं मूल. मागे स्टुडिओचा शिक्का: ‘मालवण, जि. रत्नागिरी’. खालचा कोपरा काचेला चिकटलाय. घरचे १९०० च्या आसपासचा म्हणतात.

कातळ: आधी काच. ओढू नका, सुरी, वाफ, पाणी काही नको. पावसाळी दमटपणात फोटोवरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो, ओढला की चित्र काचेवरच राहतं. काचेसकट फोटो काढून ठेवा: दोन्ही बाजूंना ४५ अंशांत दिवे, कॅमेऱ्यामागे काळं कापड.

पाटाचं पाणी: सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे शिक्का त्याआधी बनवलेला. जुने शिक्के पुढेही मारले जात, तेवढी सूट धरा. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. १९०० मात्र पटत नाही, गांधी टोपी १९२० च्या सुमाराची. पगड्यांवर जाऊ नका, म्हातारी माणसं तरुणपणीचाच पोशाख शेवटपर्यंत घालत.

कातळ: कागदाचं साल आणि चेहऱ्यांचं साल वेगळं असू शकतं. अंधारात, नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चने मागची कोरी कड बघा. निळसर-पांढरी उजळली तर कागद १९५० नंतरचा. शुभ्रता वाढवणारं रसायन फोटोच्या कागदात तेव्हापासून येऊ लागलं. न उजळल्यास काहीच सिद्ध होत नाही. डिंकाचे डाग धरू नका. शिवाय साधी टॉर्च तिरकी मारून चरे कागदावर उमटलेत की नुसते चित्रात आहेत, ते तपासा.

माडाखाली: कड लख्ख उजळते. वरचा भाग काचेपासून सुटा आहे; तिथे चरे दिसतात, पण कागद गुळगुळीत. पिनकोड नाही.

कातळ: मग ही कॉपीच. चरे मूळ फोटोवरचे, कॅमेऱ्याने टिपलेले. छपाई साधारण १९५० ते ८१ मधली. मूळ प्रत बहुधा लहान असेल. मुंबईकर भावकीला पेट्या बघायला सांगा. सव्वाचार × साडेसहा इंचांचं कार्ड (फोटो चिकटवलेला जाड पुठ्ठा) निघालं तर त्यावर पहिल्या स्टुडिओचं नाव छापलेलं असू शकतं. आणि पुन्हा फ्रेम करताना काच व फोटो यांच्यामध्ये माउंट (फोटो काचेला टेकू न देणारी पुठ्ठ्याची चौकट) हवाच.

पाटाचं पाणी: तोवर मांडीवरचं मूल कोण ते शोधा. तान्ह्याच्या वयाचा अंदाज फार तर काही महिन्यांनी चुकतो, मोठ्यांचा दहा वर्षांनीही. जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळेल, पण तिथे तारखा सोयीने लिहीत. पत्रिका असेल तर तीच धरा. शके दिलेलं असेल तर ७८ मिळवा, जन्म जानेवारी ते पाडव्याच्या दरम्यानचा असेल तर ७९.