टाळूचं रक्ताभिसरण आणि केसगळती
केस गळतायत, काय करू, असं इथे काहींनी विचारलंय आणि त्यावर एकांनी मसाजचं लिहिलंय, की टाळूला रक्त कमी पडतं म्हणून केस जातात, रोज तेल चोळा, परत येतील. मला अर्धंच पटलं. टक्कल पडतं तिथे रक्तपुरवठा कमी सापडतो हे खरं, पण १९५९ मध्येच न्यूयॉर्कच्या डॉ. ऑरेंट्राइखनी दाखवलं की डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढच्या टकलावर लावले तर तिथेही वाढत राहतात, आणि रक्त तर त्यांना त्याच टाळूचं मिळतं ना! म्हणजे मुळाचा स्वतःचा पिंड महत्त्वाचा. पेशींवर ताण येतो हे मात्र खरं, टकलाच्या जागेतल्या मुळांच्या पेशी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंच्या माऱ्याने, लवकर थकतात, सिगरेट ओढणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्याच.

आणि इथे कोणी लिहिलंच नाही ते म्हणजे ताप. आमच्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडला केस गळले की टँकरच्या पाण्यावर खापर फुटतं. बहिणीला पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि दिवाळीच्या सुमारास कंगव्यात पुंजकेच्या पुंजके यायला लागले, सगळे म्हणाले शॉवरला फिल्टर लाव, स्किनच्या डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, मागे मोठा ताप येऊन गेला का? अशा तापात बरीच मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि केस गळतात २-३ महिन्यांनी, त्यामुळे संबंध लक्षातच येत नाही. तिचं फेरिटिनही (रक्ताच्या तपासणीत शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) कमी निघालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, उन्हाळ्यात भांगापाशी बारीक केस दिसायला लागले. ज्यांनी विचारलंय त्यांना गेल्या काही महिन्यांत ताप, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालंय का, ते लिहा प्लीज.