मदत हवी आहे: ओएसटीवरच्या रुग्णांचे हेपॅटायटिस सीचे उपचार

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रावर (हेरॉइनसारख्या अमली पदार्थाऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देतात ते) मी समुपदेशक आहे. या पर्यायी औषधांत आपल्याकडे मेथाडोन कमीच, बहुतेकांना ब्युप्रेनॉर्फिन. एक रुग्ण रोज सकाळी येतो, नर्ससमोर गोळी जिभेखाली ठेवून विरघळेपर्यंत बसतो. त्याचा एचसीव्ही आरएनए पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे रक्तात हेपॅटायटिस सीचा विषाणू आहे. रिपोर्ट दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. एका रुग्णालयात त्याला सांगितलं, "आधी व्यसन पूर्ण सोड, नाहीतर औषध फुकट जाईल."

माझ्या मते हे इंटरफेरॉनच्या, म्हणजे हेपॅटायटिस सीच्या जुन्या औषधाच्या काळातलं डोकं. तेव्हा 24 ते 48 आठवडे इंजेक्शनं, वर ताप आणि नैराश्य. आता सोफोस्बुविर-डॅक्लाटास्विरच्या गोळ्या, सिरॉसिस (यकृत कायमचं खराब होणं) नसेल तर 12 आठवडे, बरं होण्याचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वर. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत. शिवाय एक बरा झाला की सुईतून पुढे जाणारी लागणही थांबते, तो फायदा हिशोबात कोण धरतं?

हे डॉक्टरांसमोर खर्चाच्या भाषेत मांडायचंय. पुन्हा लागण होण्याचा धोका हिशोबात कसा धरायचा? आणि ओएसटीच्या डोसबरोबरच हेपॅटायटिस सीची गोळीही नर्ससमोर देण्याची सोय कुणी केली आहे का? नर्सबाई तयार आहेत, नोंदवही कशी ठेवायची तिथे अडलोय.