फॅमिली ग्रुप: बेडूक कोणी आणला?

दादा: ग्रुपवर बेडकाच्या गाण्याची ती लिंक कोणी टाकली होती? पुढे या. चार दिवस झाले, चिरंजीव दुसरं काही लावूच देत नाहीत. मीटिंगमध्ये म्यूट काढायची भीती वाटते मला.

वहिनी: काल झोपेतसुद्धा डिंग डिंग चालू होतं.

ऋचा: मीच टाकली. सॉरी दादा. पण क्रेझी फ्रॉग क्लासिक आहे!

आत्या: शब्द जपून वापर, बाळा.

काका: अरे, त्या बेडकामागे बेडूक नाहीच. १७ वर्षांचा स्वीडिश मुलगा आहे, डॅनिएल माल्मेडाल. १९९७ साली त्यानं तोंडानं टू-स्ट्रोक इंजिनाची नक्कल करून रेकॉर्ड केली. मोपेड सुरू होताना जशी खाकरते ना, तशी. पुढे २००३ मध्ये एरिक वेर्नक्विस्ट नावाच्या ॲनिमेटरनं त्या आवाजाला अंग दिलं, मग रिंगटोनवाले आले आणि १९८४ सालच्या ‘ॲक्सल एफ’ या धूनच्या चालीवर तो बसवला.

दादा: म्हणजे मी चार दिवस मोपेड ऐकतोय.

काका: सुरू न होणारी मोपेड. २००५ मध्ये हीच मोपेड ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत चार आठवडे पहिल्या नंबरावर होती. कोल्डप्लेचं ‘स्पीड ऑफ साउंड’ आलं आणि दुसऱ्या नंबरावर थांबलं.

आत्या: हेच! माझा राग ह्याच गोष्टीवर आहे. चांगल्या माणसाची वाट अडवायला हे लोक बरोब्बर वेळेवर उगवतात. १९८१, अल्ट्राव्हॉक्स बँडचं ‘व्हिएन्ना’. चार आठवडे दुसऱ्या नंबरावर. पहिला आठवडा जॉन लेननच्या ‘वूमन’मागे, ते एक वेळ मान्य, माणूस नुकताच गेला होता. पण पुढचे तीन आठवडे कोणामागे? जो डॉल्चे नावाच्या माणसाच्या ‘शडाप यू फेस’ ह्या चक्रम गाण्यामागे!

ऋचा: आत्या, तुला आठवडे पाठ आहेत??

आत्या: हॉस्टेलवर ती कॅसेट घासून गुळगुळीत झाली होती माझी. पाठ असणारच.

काकू: ताई, पण २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी मतं दिली ना? दुसऱ्या नंबरावर अडकलेलं सगळ्यात आवडतं गाणं म्हणून ‘व्हिएन्ना’लाच निवडलं आणि मानाचा पहिला नंबरही दिला. हेच परवा टीव्ही बघताना तुम्हीच मला दोनदा ऐकवलंय.

आत्या: बत्तीस वर्षांनी मिळालेला मान काय करायचा?

काका: शकू, तुझं दुःख मला कळतं. पण असली चक्रम गाणी करायला अक्कल लागत नाही असं म्हणू नकोस. मी टेपच्या जमान्यात स्टुडिओत उमेदवारी केलेली आहे, म्हणून सांगतो. ही गायकाची गाणी नाहीतच. मशीनवाल्याची आहेत. नवीन यंत्र आलं की भारदस्त लोक त्यावर भारदस्त गाणी भरतात. यंत्राला गुदगुल्या केल्या तर काय होतं, हे मात्र चक्रमच बघतो.

आत्या: उदाहरण दे.

काका: देतो. हातातली कामं बाजूला ठेव.

काकू: झालं. अहो, आवरा लवकर.

काका: १९५८, अमेरिका. रॉस बॅगडासारियन. जवळचे बरेचसे पैसे घालून त्यानं एक टेपरेकॉर्डर घेतला. वेग बदलता येणारा. त्यावर खेळता खेळता त्याला सापडलं की टेप अर्ध्या वेगानं फिरवत गायलं आणि नंतर नेहमीच्या वेगानं वाजवलं, तर आवाज बरोबर एक सप्तक चढतो. मंद्र सा लावलात तर मध्य सा ऐकू येतो, आणि माणसाचा उंदीर होतो. त्यातून ‘विच डॉक्टर’ निघालं, ते पहिल्या नंबरावर गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी तीन खारींचं ‘चिपमंक साँग’ आलं, तेही पहिलं. १९५९ मध्ये ग्रॅमीचा पहिलावहिला सोहळा झाला, त्यात ह्या खारींना तीन ग्रॅमी मिळाले. पैकी एक इंजिनियरिंगचा!

काका: आणि हे बघ. खारींची नावं ॲल्विन, सायमन, थिओडोर. पहिली दोन रेकॉर्ड कंपनीतल्या साहेबांची. थिओडोर हे नाव टेड कीपवरून. टेड कीप कोण? ज्याला तो इंजिनियरिंगचा ग्रॅमी मिळाला तोच.

दादा: इंजिनियरचं नाव खारीला. अप्रेझल असंच असतं.

ऋचा: काका थांब, करून बघते.

(ऋचाने व्हॉइस मेसेज पाठवला)

ऋचा: हे २एक्सवर ऐका. उंदीर कुठे झाला? मी नुसती घाईत असल्यासारखी वाटतेय.

काका: शाब्बास, मुद्द्याचं बोललीस. व्हॉट्सॲप फसवतं. ते वेग वाढवतं पण सूर होता तिथेच ठेवतं. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून एकमेकांवर सरकवून बसवतं, म्हणून वेळ कमी होतो आणि पट्टी तीच राहते. टेपला एवढी हुशारी नव्हती. ती जोरात फिरली की वेग आणि सूर दोन्ही एकत्रच वर जायचे.

ऋचा: मग उलटं केलं असतं तर? वेग तोच आणि सूरच वर?

काका: १९६६ मध्ये एकानं नेमकं तेच केलं. जेरी सॅम्युअल्स, स्वतः रेकॉर्डिंग इंजिनियर. नाव घेतलं नेपोलियन चौदावा. गाणं ‘दे आर कमिंग टू टेक मी अवे, हा-हा’. सूर असा नाहीच त्यात, नुसता ठेका आणि बोलणं. आधी त्यानं ढोल आणि टाळ्या भरून घेतल्या. मग टेपच्या मोटरला मिळणाऱ्या विजेची फ्रीक्वेन्सी, म्हणजे पर्यायानं मोटरचा वेग, ऑसिलेटर नावाच्या उपकरणानं हळूहळू बदलत ठेवली आणि त्या सरकत्या ठेक्याला धरून स्वतः बोलत गेला. नंतर टेप सरळ वेगानं वाजवली तर ठेका जागचा हलत नाही, पण माणसाचा आवाज कडव्याच्या शेवटी चढत चढत किंचाळीपर्यंत जातो. आज ॲपमध्ये एक बटण सरकवून होतं ते. त्यानं घशानं आणि मोटरनं केलं.

काका: अमेरिकेत तिसऱ्या नंबरावर गेलं ते. आणि तबकडीच्या मागच्या बाजूला काय होतं? तेच गाणं, उलटं. लेबलवर नावसुद्धा उलटं छापलेलं.

वहिनी: काका, मी आत्ता ऐकलं ते. वेड लागलेल्या माणसाला धरून नेतायत, यावर हसायचं? मला नाही आवडलं.

काका: तेव्हाही बऱ्याच लोकांना नाही आवडलं, सूनबाई. मानसिक आजाराची टिंगल आहे अशा तक्रारी गेल्या आणि कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवणं थांबवलं. तुझं चूक नाही. मी फक्त मोटरबद्दल बोलतोय.

वहिनी: मोटर चांगली आहे. गाणं नाही.

आत्या: सूनबाईला माझ्यातर्फे शाबासकी.

काका: बरं, मग निरुपद्रवी सांगतो. १९५५, भुंकणारे कुत्रे.

दादा: नको. पोरगं शेजारी बसलंय, वाचून दाखव म्हणतंय.

काका: मग दाखवच वाचून. डेन्मार्कमध्ये कार्ल वाइसमन म्हणून गृहस्थ होते, पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे. रानात माइक लावला की पक्षी गायला लागतो आणि कुठूनतरी कुत्रं भुंकतं. सगळी मेहनत पाण्यात. ते भुंकणं कापून काढायचं आणि टाकून द्यायचं. वाइसमननी टाकलं नाही. ते तुकडे सुराप्रमाणे जुळवून जोडले आणि कुत्र्यांकडून ‘जिंगल बेल्स’ म्हणवून घेतलं.

काका: ह्यातले कष्ट सांगतो, कारण हे मी हातानं केलेलं आहे. आमच्याकडे टेप सेकंदाला १५ इंच पळायची. म्हणजे पाव सेकंदाचं एक भुंकणं पावणेचार इंच. टेपचं चाक हातानं मागेपुढे फिरवत ‘भ’ कुठे सुरू होतो ते कानानं शोधायचं, तिथे मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, खाचेत टेप बसवायची, ब्लेडनं तिरका काप द्यायचा. सरळ कापलं तर जोडावर टक् असं ऐकू येतं. एक सूर असा. गाण्यात सूर किती ते मोजा.

काका: मी एकदा एका बाईंच्या दोन ओळींमधला श्वास नको तिथून कापला. गाणं वाजवल्यावर बाई पाण्याखालून गातायत असं वाटायला लागलं. श्वास जमिनीवर पडलेल्या टेपच्या ढिगाऱ्यात होता. दोन तास शोधत होतो.

ऋचा: दोन तास श्वास शोधत होतास?? काका, हे तू कधीच सांगितलं नाहीस.

काकू: मला सांगितलंय. सापडला तो ह्यांच्या चपलेला चिकटलेला.

आजी: कोणाचा श्वास अडकलाय? डॉक्टरांना फोन केला का?

दादा: काही नाही आजी, काकाच्या गोष्टी चालल्यात.

काका: टेपच्या आधी तर याहून कठीण. १८९० च्या दशकात मेणाच्या सिलिंडरवर गाणं भरायचे आणि भरलेल्या सिलिंडरच्या प्रती काढायची धड सोय नव्हती. समोर जेवढी यंत्रं मांडली तेवढ्या प्रती. अजून हव्यात? परत गा. जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन म्हणून कृष्णवर्णीय गायक होता, न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून थेट यंत्रापुढे आलेला. त्याचं गाजलेलं गाणं ‘द लाफिंग साँग’. सुरात, तालात, खदाखदा हसायचं. ते त्यानं दिवसाला पन्नासपन्नास वेळा गायलं.

वहिनी: पन्नास वेळा खोटं हसायचं. दिवसभर.

काका: हो. आणि ऐकणाऱ्याला दर वेळी खरं वाटलं पाहिजे. पुढे १९२२ मध्ये चार्ल्स पेनरोजचं ‘द लाफिंग पोलिसमन’ आलं, ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाजलं. चाल जॉन्सनचीच. हसला एक, लक्षात राहिला दुसरा.

आत्या: हे मात्र वाईट झालं.

आत्या: पण ह्यात माझ्या मुद्द्याचं उत्तर नाही. कष्टानं केलेली थिल्लर गोष्टही थिल्लरच.

काका: बरं. १९७२ घे. कव्हेंट्री नावाचं इंग्लंडमधलं गाव. तिथे एका घराच्या पुढच्या खोलीत लेफ्टनंट पिजन नावाच्या बँडनं ‘मोल्डी ओल्ड डो’ रेकॉर्ड केलं. पियानोवर कोण? बँडवाल्या मुलाची आई, हिल्डा वुडवर्ड. घर तिचंच. शब्द म्हणाल तर जवळजवळ नाहीतच, मधेमधे कोणीतरी गुरगुरतं. ऑक्टोबरपासून चार आठवडे पहिला नंबर. आई आणि मुलगा एकाच बँडमधून पहिल्या नंबरावर, हे ब्रिटनमध्ये दुसऱ्या कोणाला जमलं नाही.

ऋचा: आईनं पियानो वाजवला! ऐकतेय. अरे हे तर मस्त आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पियानो थोडा बिघडलेला असतो तसं.

काका: आता मजा. त्याच वर्षी, त्याच कव्हेंट्रीत चक बेरीचा कार्यक्रम झाला, तो रेकॉर्ड झाला आणि त्यातलं एक गाणं नोव्हेंबरपासून ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिलं. अमेरिकेतही पहिलं. ज्या माणसानं रॉक अँड रोलला गिटार वाजवायला शिकवलं, ज्याचं ‘जॉनी बी. गुड’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अंतराळात गेलं, त्याला अमेरिकेत उभ्या आयुष्यात एकदाच पहिला नंबर मिळाला. ‘माय डिंग-अ-लिंग’ला.

ऋचा: म्हणजे काय डिंग-अ-लिंग?

काका: आजी ग्रुपवर आहे.

आजी: मी वाचतेय.

काकू: अहो, विषय बदला.

काका: बदलला. मॉन्स्टर मॅश! १९६२. भुताचं गाणं, पण आवाज सगळे घरगुती. शवपेटीचं झाकण करकरतं ना, ते लाकडातून उपटलेला गंजका खिळा. प्रयोगशाळेतली रसायनं उकळतात, ते ग्लासभर पाण्यात नळीनं काढलेले बुडबुडे.

वहिनी: काका, हे मोठ्यानं वाचून दाखवायला नको होतं. तो नळी आणि ग्लास घेऊन आलाय आणि माइक म्हणून माझा फोन मागतोय.

दादा: माझा तर नेलाच.

वहिनी: ग्लासात गेला होता जवळजवळ. धरला.

ऋचा: काका, पण टेप गेली, आता काय? आता कोण गुदगुल्या करतं यंत्राला?

काका: आताची तूच सांग, तुला जास्त माहीत.

ऋचा: ओके. २०१४, व्हल्फपेक नावाचा अमेरिकन बँड. स्पॉटिफायवर तेव्हा गाणं ३० सेकंद वाजलं की पैसे धरायचे. यांनी ‘स्लीपिफाय’ म्हणून अल्बम टाकला. दहा गाणी, प्रत्येक तिसाच्या जरा वर, आणि सगळ्यांत पूर्ण शांतता. चाहत्यांना सांगितलं, झोपताना लूपवर लावून ठेवा. साधारण २०,००० डॉलर जमले! मग स्पॉटिफायनं अल्बम काढायला लावला. त्या पैशांतून त्यांनी फुकट प्रवेशाचे कार्यक्रम केले.

आत्या: हे मला आवडलं. खरंच आवडलं. ऐकायलाच काही नाही.

दादा: लिंक पाठव. पोराला लावतो.

ऋचा: आणि ‘गंगनम स्टाइल’! यूट्यूबचा आकडा २,१४७,४८३,६४७ पर्यंतच मोजायचा, ३२ बिटचा होता. त्यापुढे गाणं जाईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. २०१४ मध्ये मोजणीच बदलावी लागली.

काका: बघ शकू. पुन्हा यंत्रच वाकलं. ‘व्हिएन्ना’नं कोणतं यंत्र वाकवलं?

आत्या: ‘व्हिएन्ना’नं मला वाकवलं. पुरे आहे तेवढं.

काका: हरलो.

ऋचा: काका, एक ॲप मिळालं, टेपसारखं करतं, वेग आणि सूर एकत्र वाढतात. पण माझं बोलणं दुप्पट केलं की काही कळतच नाही, नुसतं चिवचिव.

काका: कारण तू आधीच भरभर बोलतेस. बॅगडासारियननं गाताना अर्ध्या वेगानं गायलं होतं, प्रत्येक अक्षर लांबवून. बोलतानाच दुप्पट सावकाश बोललीस तर नंतर शब्द जागेवर येतील. कठीण आहे, मधेच आपली नेहमीची चाल लागते. आमच्याकडे एकाला जमायचं, तो अर्धवट झोपेतच असायचा.

ऋचा: पाच वेळा केलं, नाही जमत.

आजी: (व्हॉइस मेसेज) अरे... सगळ्यांनी... रात्री... फोन... उशाशी... घेऊन... झोपू... नका...

ऋचा: थांबा थांबा थांबा.

(ऋचाने ऑडिओ पाठवला: आजी खार)

ऋचा: एकेक शब्द कळतोय!!

काका: आहाहा. काय टायमिंग आहे. स्टुडिओत अशी माणसं हवी होती आम्हाला.

काकू: डोळ्यांतून पाणी आलं हसून. आई, रागावू नका हां.

आजी: कोण आहे ही मुलगी? बोलते छान.

आत्या: मी तिसऱ्यांदा ऐकतेय. कोणाला सांगू नका.

दादा: सुप्रभात. कळवण्यास आनंद होतो की बेडूक गेला. सकाळी सहापासून घरात ‘फोन उशाशी घेऊन झोपू नका’ चालू आहे. आत्तापर्यंत एकतीस वेळा.

वहिनी: बत्तीस.