पाणी जाण्याची वाट पाहत बसू नका

बाळंतपणाच्या कळांबद्दल ‘पाणी गेलं नाही म्हणजे कळा खोट्या’ असं काही जण म्हणतात, ते बरोबर नाही. बहुतेक जणींची पाणपिशवी (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) कळा चांगल्या सुरू झाल्यावरच फुटते. त्यापेक्षा घड्याळ बघा. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, हे तासभर लिहून काढा. पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर किंवा चालल्यावर विरत असतील तर त्या बहुधा सरावाच्या, म्हणजे खोट्या कळा. खऱ्या कळा कशानेही थांबत नाहीत, अंतर घटत जातं, जोर वाढतो, अनेकदा कंबरेतून पुढे येतात. पहिलटकरणीने साधारण दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की दवाखान्यात जायला निघावं; दुसऱ्या खेपेला त्याआधीच, कारण तेव्हा वेळ कमी मिळतो.

रक्ताची छटा असलेला चिकट स्राव कधीकधी काही दिवस आधीही जातो, त्याने घाबरू नका.

पण पाणी गेलं (कळा नसल्या तरी), ते हिरवट असलं, पाळीसारखं रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, पोट सतत कडक राहून दुखलं किंवा 37 आठवड्यांआधी कळा आल्या, तर मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.