दिवसभर बसूनच होतो, तरी डोकं का शिणलं? तुमचेही अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव :
काल घरी आलो. बायकोनं विचारलं, "पिठलं करू की आमटी?" उत्तरच सुचेना. "काहीही कर" म्हटलं आणि भांडण झालं. दिवसभर खुर्चीत बसून जीएसटीचे आकडे जुळवलेले, एक पोतं उचललेलं नाही.

2022 साली पॅरिसच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना सहा तासांहून जास्त वेळ पडद्यावरची अक्षरं ओळखायला बसवलं. एका गटाचं काम सोपं, दुसऱ्याचा नियम सारखा बदलायचा. या दुसऱ्या गटाच्या मेंदूत, कपाळामागच्या भागात, ग्लुटामेट (मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन) जास्त साचलेलं दिसलं. आणि दिवस सरता सरता ही माणसं थांबून जास्त पैसे घेण्याऐवजी थोडे पण लगेच मिळणारे घ्यायला लागली. कामावरून येताना माझी गाडी कुंद्याच्या, म्हणजे आमच्या खव्याच्या मिठाईच्या, दुकानापाशी का थांबते, ते कळलं! तुमचं सांगा.

खानापूर :
नियम बदलण्याचं काय सांगता! माझं औषधांचं दुकान. एक गिऱ्हाईक मराठी, पुढचं कन्नड, तिसरं कोंकणी, चिठ्ठी इंग्रजीत. एक भाषा बोलताना बाकीच्या गप्प बसत नाहीत, त्यांना दाबून धरावं लागतं. रात्री आठनंतर माझा बांध फुटतो. परवा एका म्हातारीला कन्नडमध्ये "एष्टु बेकु?" (किती पाहिजे?) विचारलं. म्हणाली, "बाळा, मला मराठी येतंय की!" तिला मी लहानपणापासून ओळखतो.

निपाणी :
आमची आई विड्या वळायची. सूप मांडीवर, कातरलेलं पान, चिमूटभर जर्दा, दोरा, झालं. हात आपोआप चालायचे, तोंड गल्लीभरच्या गप्पा मारायचं. संध्याकाळी कंबर धरायची, पण डोकं ताजं. आमचा हिशेब तीच तपासायची. मी एसीत बसून बिलं करते आणि घरी पोरांवर खेकसते. कमरेचं दुखणं मात्र हलकं समजू नका कुणी.

उद्यमबाग :
सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या यंत्रावर आहे. डबल शिफ्टला शेवटच्या तासात ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो आकडा) टाकताना उणे 0.05 च्या जागी अधिक टाकलं. मायक्रोमीटर लावला तेव्हा कळलं, तोवर चार जॉब भंगारात. त्याआधी दोन कटिंग चहा झाले होते, बरं का. जागं असेपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानं झोप येते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, साचलेलं तसंच राहतं. म्हणून आता ऑफसेट टाकण्याआधी आकडा मोठ्यानं म्हणतो. पोरं हसतात. हसू देत.

टिळकवाडी, बेळगाव :
खानापूरकर, तुमचं वाचून घरात मोठ्यानं हसलो. आज भाजी सकाळीच ठरवून गेलो होतो, दोडका. संध्याकाळी बायको म्हणाली, "दोडका मिळाला नाही. गवारी करू की वांगं?"