चंगाअष्ट्यात दानं पाच की सोळा?

दारव्ह्याकडचा मास्तर
दहावीच्या गणित भाग १ मधलं पाचवं प्रकरण, संभाव्यता. दरवर्षी तेच: नाणी, फासे, ५२ पत्ते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींनी पत्ता हातात धरलेला नाही. इस्पिक कोणतं, किलवर कोणतं, इथूनच सुरुवात. यंदा पत्ते ठेवले बाजूला अन् चार चिंचोके नेले. फोडून फरशीवर घासलेले, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. चंगाअष्टा, म्हणजे हे चिंचोके फेकून पडेल त्या दानानं सोंगट्या चालवायचा खेळ, आमच्याकडं कोणाला शिकवावा लागत नाही.

विचारलं, दानं किती? पाच. एक पांढरा तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही पांढरे तर चंगा, चारही तपकिरी तर अष्टा. मग अष्टा पाचातून एकदा पडायला पाहिजे! वर्ग हसला. उन्हाळ्यात आजीसोबत ओसरीत बसलेल्या पोरांना माहीत आहे, दोन सारखं पडते अन् अष्ट्यासाठी जीव जाते.

मग चिंचोक्यांना पेनानं १ ते ४ नंबर घातले अन् पोरांनी फळ्यावर एकेक निष्पत्ती मांडली. पहिला पांढरा बाकी तपकिरी, दुसरा पांढरा बाकी तपकिरी... अशा सोळा झाल्या. दोन पडणं या घटनेत त्यातल्या सहा. एक अन् तीन यांच्या चार-चार. चंगा एक, अष्टा एक. म्हणजे अष्ट्याची संभाव्यता १/१६. पाच ही दानांची नावं झाली, नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींचा संच, सोळाचा. धडा पत्त्यांऐवजी इथूनच सुरू करावा असं माझं मत आहे.

शिकवणीवाला, अकोट
सर, मला पटलं नाही. परीक्षेत पत्तेच येतील हे सोडा. चिंचोका म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. 'घटनेतल्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती' हे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखी, असतील तरच चालते, पुस्तकातही तसंच आहे. समजा पांढरी बाजू दहातून सहादा वर येते. मग चंगा ०.६ चा चौथा घात, म्हणजे शंभरात जवळपास १३ वेळा. अष्टा ०.४ चा चौथा घात, शंभरात अडीच. पाचपट फरक! तुमच्या फळ्यावर दोघांनाही १/१६. सोळा लिहिले ते बरोबर, पण सोळाही सारखे कशावरून?

धुऱ्यावरून
मास्तर, पोरं शिकवा, पण आमचंही गणित सोडवा. पाऊस एक तर येते नाई तर येत नाई. दोनच निष्पत्ती. मंग काय अर्धी-अर्धी संभाव्यता धरून पेरू? गावात अक्षय तृतीयेनंतर जो तो भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत सांगून राह्यते, त्यातही 'पाऊस चांगला' नाई तर 'कमी'. मृगात टाकलेलं सोयाबीन मोडून दुबार पेरलं का समजते, दोन खाने पाडल्यानं दोन्हीत सारखं भरत नाई.

दारव्ह्याकडचा मास्तर
भाऊ, तुमची अन् शिकवणीवाल्यांची तक्रार एकच आहे, अन् ती खरी आहे. खाने मोजले म्हणून वजन मोजलं असं होत नाही. पण ही चूक लहान पोरांचीच नाही. दालाँबेर हा फ्रान्सचा मोठा गणिती. १७५४ मध्ये त्यानं लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता २/३. का, तर पहिल्याच वेळी छापा पडला की खेळ संपला, म्हणून त्यानं तीनच निष्पत्ती धरल्या: छापा, काटा-छापा, काटा-काटा. पहिल्या छाप्याच्या पोटात दोन निष्पत्ती दडल्या आहेत हे सुटलं. उत्तर ३/४. माझी पोरं पाच म्हणाली ती त्याच वाटेनं. म्हणून तर फळ्यावर सगळं मांडायचं. चिंचोके सारखे आहेत का, हा दुसऱ्या दिवशीचा तास.

शिकवणीवाला, अकोट
दुसऱ्या दिवशीचा तास कोण घेते, सर? नाण्यानं सुरू केलं असतं तर पहिल्या दिवशी खोटं तरी सांगावं लागलं नसतं. आधी नाणं, मग चिंचोका, असा क्रम असता तर मी विरोध केला नसता.

आजोळ मेहकर
पत्ते वर्गात नकोत याला माझा पाठिंबा आहे, कारण वेगळं. पारावर पत्ते कशासाठी निघतात हे पोरांनाही ठाऊक असतं. पण चंगाअष्टाही पैसे लावून खेळताना मी पाहिला आहे. खेळ बदलून ती भानगड जात नाही.

बाकी वाद वाचून घरातली जुनी डबी काढली. सासूबाईंचे चार चिंचोके आहेत, एकाची कड तुटलेली. वीस वेळा फेकले. अष्टा एकदाही नाही. शिकवणीवाल्यांचं खरं म्हणायचं का?

शिकवणीवाला, अकोट
ताई, मला फुकटचं श्रेय नको. चिंचोके अगदी सारखे असते तरी विसात एकदाही अष्टा न पडण्याची संभाव्यता १५/१६ चा विसावा घात, म्हणजे चौथाईपेक्षा थोडी जास्तच. विसावरून ना सरांचं सिद्ध होते ना माझं.

धुऱ्यावरून
अजून दोनशे टाका, ताई. अन् तो तुटका बदलू नका.